जुना फ्रीज दाराबाहेर पाठवण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या घरातला फ्रीज वीस वर्षांहून अधिक जुना आहे. गेल्या दोन वर्षांत दुरुस्ती करणाऱ्यांनी ‘गॅस संपला’ असे सांगून दोनदा गॅस भरला. दोन्ही वेळा काही महिने बरे गेले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही, मागची जाळी मात्र पूर्वीसारखी गरम लागत नाही आणि बर्फाच्या कप्प्यात फक्त एका कोपऱ्यात बर्फ धरतो. या वेळी ते म्हणतात, ‘कॉम्प्रेसर बदलू, आणखी पाच वर्षे चालेल.’ धाकट्या भावाचे म्हणणे आहे की नवा घ्यावा आणि जुना गच्चीवर ठेवून कपाट म्हणून वापरावा. आईला वाटते, एखाद्या गरजूला द्यावा. भंगारवाला तर आजच उचलून न्यायला तयार आहे आणि वर पैसेही देतो म्हणतो. आईचे इन्सुलिन याच फ्रीजमध्ये असते, त्यामुळे निर्णय फार लांबवता येत नाही. मागच्या पट्टीवर ‘आर-१३४ए, १३० ग्रॅम’ असे लिहिलेले आहे. नेमके काय करावे?
— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण प्रश्न फ्रीजचा विचारला आहे, परंतु आपल्या पत्रातील सर्वांत निकडीची गोष्ट इन्सुलिन ही आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवायचे असते आणि आपला फ्रीज सध्या ते तापमान राखत असेल, असे आपल्या वर्णनावरून वाटत नाही. पाण्याने भरलेल्या पेल्यात एक साधा थर्मामीटर बुडवून तो पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी दिसणारा आकडा आपल्याला आतल्या हवेच्या क्षणिक चढउतारापेक्षा अधिक विश्वासार्ह उत्तर देईल. तो आकडा ८ अंशांच्या वर असेल, तर न उघडलेल्या कुप्या आजच एखाद्या नातेवाइकाच्या किंवा शेजाऱ्यांच्या चालू फ्रीजमध्ये हलवा. बर्फाच्या कप्प्यात मात्र त्या कधीही ठेवू नयेत, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी ते टाकूनच द्यावे लागते. वापरात असलेली कुपी किंवा पेन उष्णतेपासून आणि उन्हापासून दूर, सामान्य खोलीच्या तापमानात बहुतेक प्रकारांच्या बाबतीत सुमारे २८ दिवस चालते. नेमकी तापमानाची आणि दिवसांची मर्यादा प्रकारानुसार बदलते आणि ती सोबतच्या पत्रकात छापलेली असते. ज्या कुप्या गेले काही आठवडे या आजारी फ्रीजमध्ये होत्या, त्यांच्याविषयी औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारूनच पुढचा वापर करावा. एवढी व्यवस्था झाली की फ्रीजचा निर्णय घाईने घेण्याचे कारण उरत नाही, आणि हा निर्णय घाईने घेऊ नये असेच माझे मत आहे.

आता दुरुस्तीचा प्रश्न. फ्रीजमधला गॅस इंधनासारखा जळून संपत नाही आणि वापराने झिजतही नाही. तो एका बंद नळीमार्गात फिरत राहतो: कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो, केसासारख्या बारीक नळीतून पुढे जाताना त्याचा दाब एकदम उतरतो, आणि आतल्या कप्प्याभोवती त्याची पुन्हा वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. हा मार्ग सुस्थितीत असेल तर कारखान्यात भरलेला गॅस फ्रीजच्या अखेरपर्यंत पुरतो. म्हणून दोन वर्षांत दोनदा गॅस भरावा लागला, याचा अर्थ एवढाच की नळीला कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता, न बुजवता दोन्ही वेळा वरून गॅस ओतला गेला. गळती तशीच ठेवून गॅस भरणे याला मी दुरुस्ती मानत नाही. त्यात आपले पैसे गेले आणि गॅस हवेत गेला, एवढेच घडले.

आपण लिहिलेली लक्षणेही हेच सांगतात. कॉम्प्रेसर अखंड चालतो, जाळी कोमटच राहते आणि बर्फ एकाच कोपऱ्यात धरतो, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की फिरणारा गॅस कमी पडत आहे असे समजावे. क्वचित बारीक नळी अर्धवट तुंबल्यानेही असे होते. यांपैकी कोणत्याही कारणावर नवा कॉम्प्रेसर हा उपाय नाही. कॉम्प्रेसर निकामी झाला तर तो सुरूच होत नाही, किंवा सुरू होताच ‘टक्’ असा आवाज करून बंद पडतो, किंवा चालत असूनही दाब निर्माण करत नाही. यातले शेवटचे कारण दाब मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. त्यामुळे आपल्या मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: गळती नेमकी कुठे आहे, आणि ती आपण कशी शोधली? नीट काम करणारा माणूस नळीमार्गात दाबाखाली नायट्रोजन भरून सांधे साबणाच्या फेसाने तपासतो, गळती सापडली की ती झाळून बुजवतो, ओलावा टिपणारा फिल्टर ड्रायर बदलतो, पंपाने नळीमार्गातली हवा आणि ओलावा पूर्ण ओढून काढतो आणि मग पट्टीवर लिहिलेला गॅस वजन करून भरतो. यांतली एकही पायरी गाळली तर काम फार काळ टिकत नाही.

हे सगळे करण्याची तयारी असलेला मेकॅनिक भेटला, तरी आपल्या बाबतीत मी दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. गळती मागच्या उघड्या सांध्यांवर असती तर ती बहुधा पहिल्याच वेळी डोळ्यांना दिसली असती, कारण तिथे तेलाचा ओशट डाग पडतो. ती आतल्या, इन्सुलेशनच्या फेसात गाडलेल्या नळीत असेल, तर तिथे पोहोचण्यासाठी फ्रीजची भिंतच फोडावी लागते. शिवाय वीस वर्षांनंतर दाराचे रबर, थर्मोस्टॅट आणि आतला फेस हे सगळेच थकलेले असते. फेसाची उष्णता अडवण्याची शक्ती कालांतराने घटते आणि ती कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. वीजही लक्षात घ्यावी. समजा, चालू असताना कॉम्प्रेसर १२० वॉट घेतो. तो दिवसभर न थांबता चालला तर २४ तासांत २.८८ युनिट आणि वर्षभरात हजाराहून अधिक युनिट वीज खर्च होते. निरोगी फ्रीजमध्ये तोच कॉम्प्रेसर दिवसातला बराच काळ विश्रांती घेत असतो. म्हणजे आज आपण जवळजवळ कमाल वीज वापरून किमान गारवा मिळवत आहात. आपला फ्रीज बदलण्याची वेळ आली आहे, असे मी कोणताही संकोच न ठेवता सांगतो.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी येथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. ‘फ्रीज थंड होत नाही’ या एका तक्रारीवरून कोणीही नवा फ्रीज घेऊ नये. दाराचे रबर सैल असेल, मागच्या जाळीवर धुळीचा थर बसला असेल, कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याला सुरू करणारा छोटा विजेचा स्विच, जळाला असेल, किंवा आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमधला पंखा अथवा हीटर बंद पडला असेल, तर दुरुस्ती सोपी असते आणि ती करून घेणेच शहाणपणाचे असते. रबराची परीक्षा घरीच होते: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी, सहज निसटली तर तिथून हवा आत जाते आहे. नळीमार्ग शाबूत असलेला आणि आठदहा वर्षे वापरलेला फ्रीज केवळ जुना दिसतो म्हणून टाकणे मला मुळीच पटत नाही, कारण नवा फ्रीज तयार होतानाही पोलाद, तांबे, प्लास्टिक आणि ऊर्जा खर्ची पडलेली असते.

आता आपल्या पत्रातील खरा कठीण भाग. नवा फ्रीज घरी येण्याच्या आनंदात जुन्याची विल्हेवाट ही बहुतेकांना जागा मोकळी करण्याची बाब वाटते. मला मात्र ती खरेदीइतकीच महत्त्वाची वाटते, आणि त्याचे कारण त्याच पट्टीवर आहे जी आपण काळजीपूर्वक वाचून मला कळवली.

आपल्या फ्रीजच्या आधीच्या पिढीत आर-१२ नावाचा क्लोरोफ्लुरोकार्बन वायू असे. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की हे वायू वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचल्यावर त्यांच्यातला क्लोरीन मोकळा होतो आणि ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट जगापुढे आली, १९८७ मध्ये अशा वायूंचा वापर आटोक्यात आणण्यासाठी देशादेशांत माँट्रियल करार झाला, आणि पुढे १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना पॉल क्रुट्झन यांच्यासह मिळाले. त्या करारामुळे फ्रीजमधून आर-१२ हटला आणि अनेक ठिकाणी आर-१३४ए आला. हा वायू ओझोनला इजा करत नाही, परंतु उष्णता अडवून धरण्याच्या बाबतीत तो फार बलवान आहे: शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम करतो. म्हणूनच २०१६ मध्ये माँट्रियल करारातील किगाली दुरुस्तीने आर-१३४एच्या गटातील (हायड्रोफ्लुरोकार्बन) वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले.

आपल्या १३० ग्रॅमचा हिशेब करून पाहा. पूर्ण भरणा हवेत गेला तर तो सुमारे १८६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्याइतका होतो. मूळ भरणा आणि नंतरचे दोन्ही भरणे पूर्ण होते आणि ते बहुतांश गळून गेले असे धरले, तर एका घरातल्या एका फ्रीजमुळे झालेला परिणाम अर्ध्या टनाच्या घरात जातो. मी हे आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. गॅस भरून घेताना आपल्याला कोणी हे सांगितलेच नव्हते. पण आता नळीमार्गात जो काही गॅस उरला आहे, तो तरी हवेत जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

भंगारवाल्याबद्दल माझी अडचण इथेच आहे. त्याच्या कष्टांबद्दल मला आदर आहे; त्याच्यासारख्या माणसांमुळेच कितीतरी धातू कचऱ्यात न जाता पुन्हा वापरात येतो. परंतु त्याला मोल असते ते कॉम्प्रेसरमधल्या तांब्याचे आणि लोखंडाचे. तो कॉम्प्रेसर सोडवण्यासाठी नळ्या करवतीने किंवा पक्कडीने तोडल्या जातात, गॅस काही क्षणांत निघून जातो, आतले तेल मातीत सांडते आणि उरलेला सांगाडा, त्यातल्या फेसासह, उघड्यावर पडतो किंवा जाळला जातो. फेस जाळल्यावर निघणारा धूर विषारी असतो आणि तो सर्वांत आधी त्या काम करणाऱ्या माणसाच्याच छातीत जातो. त्याने देऊ केलेले पैसे आकर्षक वाटले तरी जबाबदारीने सुटा केलेला फ्रीज आणि असा तोडलेला फ्रीज यांतला फरक त्या पैशांत धरलेला नसतो.

फेसाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फ्रीजच्या भिंतीत भरलेला पॉलियुरेथेन फेस फुगवण्यासाठीही वायू वापरलेला असतो आणि तो फेसाच्या सूक्ष्म पोकळ्यांत वर्षानुवर्षे अडकून राहतो. आर-१२ च्या काळातील फ्रीजमध्ये तर नळ्यांतल्या वायूपेक्षा फेसातला वायू अधिक भरत असे. नंतरच्या फ्रीजमध्ये कुठे एचसीएफसी-१४१बी, तर कुठे सायक्लोपेंटेन वापरले गेले. पहिला ओझोनला थोड्या प्रमाणात का होईना हानी करतो, तर दुसरा ज्वलनशील आहे. सुसज्ज पुनर्चक्रीकरण केंद्रात म्हणून काम दोन टप्प्यांत चालते. आधी नळीमार्गाला छिद्र पाडून गॅस आणि तेल एकत्र ओढून घेतले जातात व वेगळे केले जातात. त्यानंतर उरलेला सांगाडा बंद कोठडीत तुकडे तुकडे केला जातो, जेणेकरून फेसातून सुटणारा वायूही पकडता यावा. मग चुंबकाने लोखंड, भोवरी विद्युतप्रवाहाच्या यंत्राने (चुंबकाला न चिकटणारे धातू बाजूला फेकणाऱ्या) अॅल्युमिनियम व तांबे आणि घनतेच्या फरकाने प्लास्टिक निराळे केले जाते. घरात, गच्चीवर किंवा भंगाराच्या आवारात हे करणे शक्यच नाही.

जगभरात २०२२ साली सुमारे ६.२ कोटी टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के कचरा नोंद असलेल्या, योग्य मार्गाने गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालात नमूद आहे. उरलेला कुठे गेला याचा हिशेब नाही. त्या बेहिशेबी ढिगात आपल्या फ्रीजची भर पडू नये, एवढे आपल्या हातात आहे.

मग तो द्यायचा कोणाकडे? पहिली चौकशी जिथून नवा फ्रीज घेणार त्या विक्रेत्याकडे आणि त्याच्या उत्पादकाकडे करावी. अनेक देशांत उत्पादकावर आपल्या वस्तूच्या अखेरीची जबाबदारी कायद्याने टाकलेली आहे आणि नवा पोहोचवताना जुना घेऊन जाण्याची सोय त्यातूनच निर्माण झाली आहे. मात्र ‘आम्ही जुना घेऊन जातो’ या वाक्यावर समाधान मानू नका. पुढे तो कोणत्या परवानाधारक केंद्राकडे जातो, त्याचे नाव विचारा आणि स्वीकारल्याची लेखी पावती मागा. उत्तर टाळले गेले, तर तो फ्रीज थोड्याच दिवसांत त्याच भंगाराच्या आवारात पोहोचणार असे समजायला हरकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या नगर प्रशासनाने मान्य केलेले ई-कचरा संकलन केंद्र किंवा थेट परवानाधारक पुनर्चक्रीकरण करणारा. मोठ्या वस्तूंसाठी घरून उचलण्याची वेळ अनेकदा आधी ठरवावी लागते. जवळपास असे काहीच नसेल, तर गॅस ओढून सिलिंडरमध्ये साठवण्याचे रिकव्हरी यंत्र असलेल्या वातानुकूलन तंत्रज्ञाला बोलावून आधी गॅस काढून घ्यावा आणि मगच धातूसाठी फ्रीज द्यावा. त्याने फेसाचा प्रश्न सुटत नाही, पण निदान नळीतला गॅस वाचतो. स्वतः नळी कापण्याचा किंवा वाकवून मोडण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये: दाबाखालचा गॅस त्वचेला आणि डोळ्यांना इजा करू शकतो, आणि नव्या प्रकारच्या फ्रीजमध्ये तो ज्वलनशीलही असतो.

आपल्या भावाची सूचना काटकसरीतून आलेली आहे, हे मला दिसते. तरी ती मी नाकारतो. गच्चीवर ऊनपावसात ठेवलेल्या फ्रीजचा पत्रा आणि नळ्या गंजतात व उरलेला गॅस हळूहळू गळून जातो, म्हणजे विल्हेवाट लांबते, टळत नाही. त्याहून गंभीर धोका मुलांचा आहे. लपाछपी खेळताना मूल आत शिरले आणि दार लागले, तर आतली हवा फार वेळ पुरत नाही, आणि जाड इन्सुलेशनमुळे त्याची हाकही बाहेर येत नाही. जुन्या काळी बाहेरून कडीने लागणाऱ्या दारांमुळे असे मृत्यू घडले. त्यामुळेच अमेरिकेत १९५६ मध्ये घरगुती फ्रीजचे दार आतून उघडता आलेच पाहिजे असा कायदा करावा लागला. आताची चुंबकी रबराची दारे आतून ढकलून उघडतात हे खरे, परंतु घाबरलेल्या, अंधारात अडकलेल्या लहान मुलाला ते जमेलच यावर विसंबणे योग्य नाही. म्हणून फ्रीज वापरातून काढला त्या क्षणापासून तो उचलला जाईपर्यंत, मग तो एकच दिवस का असेना, दार बिजागऱ्यांवरून उतरवून ठेवा. ते जमत नसेल तर मजबूत दोरीने बांधून त्याचे तोंड भिंतीकडे करा. ही काळजी घेण्यात कोणतीही हयगय नको.

आईंच्या इच्छेबद्दल लिहिताना मला थोडे जड जाते, कारण ती इच्छा चांगुलपणाची आहे. चालू आणि निरोगी फ्रीज गरजूला देणे ही उत्तम गोष्ट आहे आणि वस्तूचे आयुष्य वाढवण्याचा त्याहून सरळ मार्ग नाही. आपला फ्रीज मात्र नीट गार करत नाही आणि वीज खूप खातो. तो ज्याला द्याल त्याच्याकडे दर महिन्याचे बिल जाईल, अन्न खराब होईल, आणि शेवटी विल्हेवाटीचा हाच प्रश्न जिच्याकडे आपल्याइतकी साधने नाहीत त्या व्यक्तीसमोर उभा राहील. आईंना हे शांतपणे समजावून सांगा. आपल्याला जे घरात ठेवायला नको आहे ते दुसऱ्याच्या घरात पाठवताना त्याचा भारही सोबत जातो, हे त्यांना नक्की पटेल. जुन्या फ्रीजच्या फळ्या, भाजीचे कप्पे किंवा चांगल्या स्थितीतले सुटे भाग कोणाला उपयोगी पडणार असतील, तर ते अवश्य द्यावेत, मात्र पुनर्चक्रीकरण केंद्राला पूर्ण फ्रीज हवा असतो का, हे आधी विचारून घ्यावे.

नव्या फ्रीजच्या निवडीबद्दल थोडक्यात लिहितो. आकार गरजेपुरता घ्यावा. मोठा फ्रीज रिकामा असला तरी त्याची भिंत मोठी असते आणि तिच्यातून उष्णता आत येतच राहते. दोन फ्रीजची तुलना करताना लेबलवरील वर्ग किंवा चिन्हांपेक्षा वर्षाला किती युनिट वीज लागेल हा छापील आकडा पाहावा, कारण लहान व मोठे फ्रीज निरनिराळ्या पट्टीने मोजले जात असल्यामुळे चांगला वर्ग मिळालेला मोठा फ्रीज साध्या वर्गातल्या लहान फ्रीजपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. आतल्या पट्टीवर हवामान वर्ग लिहिलेला असतो: ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८ आणि ‘टी’ म्हणजे १६ ते ४३ अंश तापमानाच्या खोलीत नीट चालेल असा. जिथे उन्हाळा कडक असतो तिथे हा बारीक अक्षरांतला तपशील इतर सर्व आकर्षणांपेक्षा मोलाचा ठरतो. गॅसच्या रकान्यात बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन दिसेल. त्याचा तापमानवाढीवरील परिणाम आर-१३४एच्या तुलनेत नगण्य आहे आणि तो भरलाही कमी जातो, पण तो पेट घेणारा आहे. म्हणून बर्फ काढायला सुरी वापरू नये, हवा खेळती राहण्यासाठी सोडलेल्या फटी बंद करू नयेत आणि दुरुस्ती या गॅसचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी. याच कारणासाठी, जुन्या आर-१३४एच्या फ्रीजमध्ये स्वस्त म्हणून आर-६००ए भरून देण्याची तयारी कोणी दाखवली तर ठाम नकार द्यावा; त्या फ्रीजमधले थर्मोस्टॅट आणि स्विच ठिणगी पडणार नाही असे बनवलेले नसतात.

नवा फ्रीज आडवा करून आणला गेला असेल तर कॉम्प्रेसरमधले तेल परत जागेवर बसण्यासाठी तो उभा करून पत्रकात सांगितलेला वेळ, आणि पत्रक गप्प असेल तर काही तास, तसाच ठेवून मग सुरू करावा. इन्सुलिन लगेच आत ठेवू नये. थर्मामीटरचा तोच पेला पुन्हा वापरून पूर्ण एक दिवस तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहते हे पाहावे आणि मग मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून व थंड हवेच्या झोताच्या तोंडापासून दूर, ते ठेवावे; मागच्या भिंतीला टेकलेली कुपी गोठण्याची शक्यता असते.

जुना जाण्याच्या आदल्या दिवशी तो रिकामा करून बंद करा, बर्फ आपोआप वितळू द्या, पाणी पुसून घ्या आणि काचेच्या फळ्या वेगळ्या बांधा. घराचे दार आणि जिन्याचे वळण आधी मोजून ठेवलेले बरे, कारण अरुंद जागेत फ्रीज ओढताना मागच्या नळ्या दबून फुटतात आणि मग आतापर्यंतची सगळी काळजी तिथेच वाया जाते. उचलणाऱ्या माणसांना तो शक्य तितका उभा धरायला आणि मागच्या जाळीला हात न लावता पकडायला सांगा. वाहनात चढवण्यापूर्वी पट्टीवरील मॉडेल आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र घ्या, आणि केंद्राची पावती आली की तिच्यावर तोच क्रमांक आहे का ते ताडून पाहा. काही दिवसांत पावती आली नाही, तर दूरध्वनी करून ती मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि तो आपण बजावावा, ही माझी विनंती आहे.